नाव आणि आडनाव एकाच अक्षराचे : नामवंतांची यादी कशी करावी

गोपाळ कृष्ण गोखले, शांता शेळके, अनिल अवचट, प्रतिभा पाटील. ज्यांच्या नावाचे आणि आडनावाचे पहिले अक्षर एकच आहे अशा प्रसिद्ध व्यक्तींची यादी करणे हे काम वरवर पाहता दुपारच्या चहाबरोबर उरकण्यासारखे वाटते, आणि पहिली आठ-दहा नावे खरोखर तशी उरकतातही. गेल्या वर्षी कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषेसाठी मी अशीच एक यादी केली होती. तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर तात्या टोपे होते. मी उत्तर वाचून दाखवताच पुढच्या रांगेत बसलेल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेने शांतपणे विचारले, "त आणि ट हे एकच अक्षर केव्हापासून झाले?" कार्यक्रम पाऊण तास थांबला आणि आरतीची वेळ झाली म्हणूनच वाद मिटला. चूक उघड माझी होती. यादी मराठी माणसांची, प्रश्न मराठीतून, आणि कसोटी मात्र नकळत इंग्रजी लिपीची लावलेली. त्या अनुभवानंतर यादी पुन्हा पहिल्यापासून केली. ज्यांना घरच्या, शाळेच्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमासाठी असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी ती पद्धत येथे मांडली आहे.

नावे जमवण्यास बसण्यापूर्वी नियम लिहून काढावेत आणि ते वहीच्या पहिल्या पानावर असावेत. नियम नंतर ठरवू म्हटले की प्रत्येक आवडते नाव आपल्यासाठी एक नवा नियम मागू लागते.

पहिला नियम लिपीचा. नाव ज्या लिपीत ती व्यक्ती स्वतः लिहीत होती त्याच लिपीत ते तपासावे; म्हणजेच मराठी माणसाचे नाव देवनागरीत. रोमन लिपी आपली अनेक अक्षरे एकाच दावणीला बांधते. त आणि ट तिथे एक होतात, म्हणून तात्या टोपे आत येतात. क आणि ख यांचे पहिले अक्षर तिथे एकच, म्हणून 'कीचकवध' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आत येतात आणि अभिनेते कादर खानही येतात. ब आणि भ यांचेही तेच, त्यामुळे १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले इंग्रजी यादीत हमखास सापडतील. सर्वांत मोठी गर्दी स आणि श यांच्या सरमिसळीतून होते : सुहास शिरवळकर, सयाजी शिंदे, सुशीलकुमार शिंदे, आणि उलट दिशेने शिवाजी सावंत. ही सगळी नावे देवनागरीच्या कसोटीवर गळतात. सावंतांचे नाव वगळताना मला स्वतःला वाईट वाटले, पण 'सावंत' आणि 'शावंत' यांत फरक आहे हे मान्य असेल तर इलाज नाही.

याच्या उलट प्रकारही होतो, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. वऱ्हाडी बोलीतील कवितेसाठी ओळखले जाणारे कवी विठ्ठल वाघ यांचे नाव रोमन लिपीत लिहिताना नावाला एक अक्षर आणि आडनावाला दुसरे वापरले जाते, त्यामुळे इंग्रजी यादी त्यांना बाहेर ठेवते. देवनागरीत दोन्हीकडे व आहे. बालसाहित्यिका विजया वाड यांचेही तसेच. म्हणून इंग्रजी यादी समोर ठेवून ती मराठीत उतरवण्याचा मार्ग सोपा दिसला तरी टाळावा. त्यात नको ती नावे येतातच, शिवाय हवी ती नावे राहून जातात.

लिपी ठरली तरी अक्षर म्हणजे काय हे ठरायचे राहतेच. व्यंजनांच्या बाबतीत काना, मात्रा, वेलांटी लक्षात घेऊ नये, हे सहज पटते. शांता शेळके यांच्या नावात शा आणि शे असले तरी अक्षर श हेच. जोडाक्षराचे पहिले व्यंजन धरावे, म्हणजे प्रभाकर पणशीकर, प्रतिभा पाटील आणि प्रकाश पादुकोण हे तिघेही विनातक्रार प मध्ये जमा होतात. क्ष आणि ज्ञ ही अक्षरे तत्त्वतः जोडाक्षरेच आहेत, पण शाळेत आपण ती वर्णमालेच्या शेवटी स्वतंत्र म्हणून घोकलेली असतात आणि ज्ञ चा मराठी उच्चार तर ज च्या जवळपासही नाही. ती वेगळी ठेवावीत. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चंद्रकांत' मधला च आणि 'चाफेकर' मधला च कानाला वेगळे लागतात, तसेच 'जयंत' आणि 'जाधव' यांचेही. परंतु आपण अक्षर मोजत आहोत, ध्वनी नव्हे, म्हणून येथे उच्चारभेद सोडून द्यावा. ध्वनीचा मार्ग एकदा धरला की कोकणातला उच्चार खरा की देशावरचा, असा दुसराच वाद उभा राहतो आणि पुण्यात त्याला श्रोते कमी पडत नाहीत.

खरी अडचण स्वरांची आहे. अनिल अवचट यांच्याबद्दल शंका नाही. पुण्याहून 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिके चालवणारे संपादक अनंत अंतरकर यांच्या आडनावावर अनुस्वार आहे, पण अनुस्वार हे काही वेगळे आद्याक्षर नव्हे, तेव्हा तेही आत. मात्र १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून आपली एकमेव कसोटी खेळलेले अरविंद आपटे यांचे काय करायचे? अ आणि आ हे वर्णमालेत दोन स्वर आहेत. दुसरीकडे, व्यंजनावरचा काना आपण मोजत नाही, मग अ वरचा का मोजायचा, असाही युक्तिवाद होतो. आणि कोणी सावरकरांच्या लिपिसुधारणेतील 'अि, अु' ची आठवण काढली तर तो आणखी बळकट होतो, कारण तिथे सगळे स्वर अ च्या बाराखडीतच बसवलेले आहेत. मी अ आणि आ वेगळे मानतो आणि अशी नावे एका वेगळ्या पानावर 'स्वरसंबंधी' या मथळ्याखाली लिहून ठेवतो. आपण उलट ठरवले तरी बिघडत नाही, फक्त ते आधी ठरवावे.

दुसरा नियम नावाच्या भागांचा. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो, आणि आपल्याला पहिला व शेवटचा एवढेच भाग हवे आहेत. मधला भाग कितीही जुळला तरी त्याचा उपयोग नाही. त्यामुळे गोपाळ गणेश आगरकर, विष्णु वामन शिरवाडकर आणि मधु मंगेश कर्णिक ही कानाला भुलवणारी नावे बाजूला ठेवावी लागतात. शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांना 'बाजीराव बल्लाळ' हे नाव हमखास सुचते. तेही चालत नाही, कारण बल्लाळ हे आडनाव नसून बाळाजींचा मुलगा अशी ओळख सांगणारा तो भाग आहे, आडनाव भट. लोकमान्य, महर्षी, पंडित, राजा यांसारख्या पदव्या तर अर्थातच काढून टाकाव्यात. राजा राममोहन रॉय यांची पदवी काढली तरी र आणि र शिल्लक राहतात. राजा रविवर्मा यांची काढली की काही उरत नाही.

मराठीतील आद्याक्षरे लिहिण्याची सवय मात्र आपल्याविरुद्ध काम करते. बा. भ. बोरकर हे नाव शेकडो वेळा वाचूनही त्यातले बाळकृष्ण आणि बोरकर एकमेकांसमोर उभे आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. 'मराठी व्युत्पत्तिकोश' सिद्ध करणारे कृ. पां. कुलकर्णी म्हणजे कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी, हेही तसेच. म्हणून अशी संक्षिप्त नावे भेटली की ती पूर्ण उलगडून लिहावीत. माझ्या यादीत सर्वांत जास्त आनंद देणारी नावे याच मार्गाने आली. नवकथेचे एक प्रमुख लेखक गंगाधर गाडगीळ यांच्या वडिलांचे नाव गोपाळ, म्हणजे तिथे तिन्ही भाग ग चे आहेत.

तिसरा नियम सर्वांत नाजूक आहे : कोणते नाव धरायचे? जन्माचे, लग्नानंतरचे, लेखनाचे, रंगभूमीचे की लोकांनी दिलेले? माझा कल प्रसिद्ध नावाकडे आहे, कारण यादीच प्रसिद्ध व्यक्तींची आहे. पण प्रत्येक प्रसिद्ध नावाशेजारी मूळ नाव लिहिल्याशिवाय ती नोंद पूर्ण मानू नये. काकासाहेब कालेलकर हे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर होते, आणि किशोर कुमार यांचे मूळ नाव आभासकुमार गांगुली. उलट शांता शेळके यांनी काही गीते 'वसंत अवसरे' या नावाने लिहिली. त्या नावाने पाहिले तर त्याच कवयित्रीला यादीत जागा नाही.

स्त्रियांच्या नावांपाशी या नियमाला सामाजिक इतिहासाचे पदर लागतात, आणि तिथे थोडे रेंगाळावे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे करणाऱ्या रमाबाई रानडे माहेरी यमुना कुर्लेकर होत्या. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले आणि र-र ही जोडी त्या बदलातून तयार झाली. आद्य मराठी लेखिकांपैकी एक आणि आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकार काशीबाई कानिटकर यांचे माहेर बापटांचे. संविधान सभेच्या सदस्य दुर्गाबाई यांचा १९५३ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह झाला आणि त्या दुर्गाबाई देशमुख झाल्या. म्हणजे या तिघींच्या बाबतीत जुळणी विवाहाने घडवली. प्रतिभा पाटील यांच्याबाबत उलटे झाले : पतीचे आडनाव शेखावत असूनही पाटील हेच नाव सार्वजनिक जीवनात टिकले आणि २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपतिभवनात प-प ही जोडी पोहोचली. सिंधुताई सपकाळ यांचे माहेरचे आडनाव साठे, त्यामुळे तिथे लग्नापूर्वी आणि लग्नानंतर दोन्ही वेळा स कायम राहिला. यादीत 'जुळणी कशी झाली' असा एक रकाना ठेवल्यास या नोंदी आपोआप बोलू लागतात. तो रकाना मी दुसऱ्या वेळी घातला. पहिल्या वेळी सुचला नव्हता.

आता नावे जमवण्याविषयी. आठवणीतून फार तर वीस नावे निघतात आणि ती बहुतेक आपल्या आवडीच्या एकाच क्षेत्रातली असतात. त्यानंतर कोशाकडे वळावे. मराठी विश्वकोशातील चरित्रनोंदींचे मथळे 'गोखले, गोपाळ कृष्ण' अशा पद्धतीने, म्हणजे आडनाव आधी आणि नाव स्वल्पविरामानंतर, असे दिलेले असतात. हा क्रम आपल्या कामासाठी जणू मुद्दाम लावलेला आहे. ग चा विभाग उघडावा आणि मजकूर न वाचता फक्त स्वल्पविरामानंतरच्या अक्षरावरून बोट फिरवत जावे. तेथे पुन्हा ग दिसला की थांबावे. विश्वकोश आता संकेतस्थळावरही आहे, तरी या कामाला छापील खंड अधिक सोयीचा, कारण एका नजरेत सगळे पान दिसते. त्याच्या जोडीला सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी पुण्यात सिद्ध केलेल्या चरित्रकोशांपैकी अर्वाचीन काळाचा खंड घ्यावा. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय येथे दोन-तीन दुपारी काढल्या तर एरवी महिनाभर न सुचणारी नावे हाती लागतात.

पाय मोकळे करतानाही काम होते. फर्ग्युसन रस्ता म्हणून आपण ज्याच्यावरून रोज जातो त्याचे अधिकृत नाव नामदार गोखले यांच्या नावाने आहे, आणि तिथे फर्ग्युसन महाविद्यालय, गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेला भारत सेवक समाज हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. चौकांच्या, उद्यानांच्या आणि सभागृहांच्या पाट्या वाचत जाव्यात. मात्र पाटीवर नाव आहे एवढ्याने कोणी प्रसिद्ध ठरत नाही. कितीतरी चौकांना त्या भागातल्या जुन्या रहिवाशांची नावे दिलेली असतात, आणि ती माणसे कितीही भली असली तरी बाहेरच्या श्रोत्याला ओळखता येत नाहीत. प्रसिद्धीची कसोटी म्हणून मी एवढेच पाहतो, की त्या व्यक्तीवर कोशात नोंद आहे का, टपाल तिकीट निघाले आहे का (रमाबाई रानडे यांच्यावर १९६२ मध्ये निघाले होते), किंवा तिच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसानेही तिचे नाव ऐकले आहे का.

अक्षरवार पाहिले तर सगळी अक्षरे सारखी उदार नाहीत. प, स, म, क, ग यांत नाव सुचायला वेळ लागत नाही, कारण या अक्षरांची नावेही भरपूर आणि आडनावेही. म मध्ये दिग्दर्शक महेश मांजरेकर आणि सुनील गावस्कर यांचे मामा, कसोटी यष्टिरक्षक माधव मंत्री. क मध्ये पत्रकार कुमार केतकर. ब मध्ये बोरकरांशेजारी 'जेव्हा मी जात चोरली होती' चे लेखक बाबुराव बागूल. द मध्ये फिरकी गोलंदाज दिलीप दोशी आणि शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे. ढ ची आडनावे आहेत, पण मुलाचे नाव ढ वरून ठेवणारे आईबाप मला भेटलेले नाहीत. ण आणि ळ यांनी तर मराठी शब्दाची सुरुवातच होत नाही. तेव्हा प्रत्येक अक्षराला एक नाव हवेच असा हट्ट धरू नये. त्या हट्टापायी अनोळखी नावे ओढून आणावी लागतात.

परदेशी नावांसाठी स्वतंत्र भाग करावा आणि तिथे त्यांच्या लिपीची कसोटी लावावी. जॉर्ज गर्श्विन या अमेरिकी संगीतकाराचे नाव मराठीत ज आणि ग ने लिहिले जाते, पण मूळ लिपीत दोन्ही अक्षरे एकच आहेत, म्हणून ते आत. टेनिसपटू आर्थर ॲश हेही आत, मराठीत आ आणि ॲ दिसत असले तरी. १९९३ मध्ये काही महिने कॅनडाच्या पंतप्रधान राहिलेल्या किम कॅम्पबेल मात्र मराठीत क-क दिसल्या तरी बाहेर, कारण तिकडे ती दोन वेगळी अक्षरे आहेत. चार्ली चॅप्लिन, ग्रेटा गार्बो, गॅलिलिओ गॅलिली, विल्यम वर्ड्‌सवर्थ यांना दोन्ही कसोट्या लागू पडतात. जिथे आडनाव आधी लिहितात अशा देशांतील नावांनी गोंधळण्याचे कारण नाही, कारण दोन अक्षरांची तुलना कोणत्याही बाजूने केली तरी तीच राहते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी वुड्रो विल्सन, कॅल्विन कूलिज, हर्बर्ट हूव्हर आणि रोनाल्ड रीगन हे चौघे या यादीत बसतात. मात्र विल्सन यांचे जन्मनाव थॉमस वुड्रो आणि कूलिज यांचे जॉन कॅल्विन. दोघांनीही पहिले नाव मागे टाकले. म्हणजे जन्मनावाचा नियम लावला तर चौघांतले दोघे गळतात. मूळ नावाचा रकाना का ठेवायचा, हे कोणाला पटवून द्यायचे असेल तर हे उदाहरण सांगावे.

दक्षिणेकडील नावांसाठी एक सावधगिरी पाळावी. विश्वनाथन आनंद यांच्या नावात विश्वनाथन हे वडिलांचे नाव आहे आणि आनंद हे स्वतःचे. तिथे आडनाव नाहीच. अशा नावांना नाव-आडनावाची मोजपट्टी लावू नये. केवळ एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या संतांनाही लावू नये. काल्पनिक पात्रांसाठी हवे तर शेवटी एक छोटा भाग द्यावा. त्यात १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' मधील लखोबा लोखंडे याला पहिला मान द्यावा, कारण ल-ल नावाचे हे पात्र गाजवणारे नट प्रभाकर पणशीकर स्वतः प-प होते. असा दुहेरी योग मला दुसरा सापडलेला नाही.

प्रत्येक नावासाठी वहीत आडवे पाच रकाने पुरतात : प्रसिद्ध नाव, पूर्ण व मूळ नाव, क्षेत्र, जुळणी कशी झाली आणि ते कुठे पडताळले. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते नाव कार्यक्रमात वापरू नये. यादी अकारविल्हे लावावी, पण प्रश्न विचारताना तो क्रम मोडावा, नाहीतर तिसऱ्या प्रश्नानंतर पुढचे अक्षर सगळ्यांना कळते.

प्रश्न तयार करताना जुळणाऱ्या अक्षराचा उल्लेख आधी करू नये. प्रथम व्यक्तीविषयी एक ठोस पण अनपेक्षित गोष्ट सांगावी. "पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात शिकलेला हा सलामीचा फलंदाज चाळीस कसोटी सामन्यांत २०८४ धावा करूनही एकदाही शतकापर्यंत पोहोचला नाही" असे म्हटले की क्रिकेटप्रेमी सावरून बसतात, आणि तरीही कोणी अडले तर "दोन्हीकडे च" एवढी दुसरी खूण पुरते. उत्तर चेतन चौहान. "इंदापूरला जन्मलेली ही कवयित्री १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती" हा प्रश्न ज्येष्ठांसाठी, तर "ओतूरचा हा डॉक्टर लेखक म्हणून नावारूपाला आला आणि १९८६ मध्ये पुण्यात व्यसनमुक्ती केंद्राच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता" हा सर्वांसाठी. लहान मुलांना उलटा खेळ अधिक आवडतो : अक्षर द्यावे आणि एका मिनिटात जोड्या लिहायला सांगावे.

कार्यक्रमाच्या दिवशी नियमांची एक प्रत मंडपाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत चिकटवावी आणि प्रवेशाजवळच्या टेबलावर कोरी वही व पेन ठेवावे. श्रोत्यांना सुचलेली नावे त्यांनी तिथे लिहावीत. त्यांचा निवाडा मंचावर न करता रात्री घरी कोश उघडून करावा आणि दुसऱ्या दिवशी आरतीनंतर निकाल वाचून दाखवावा. आमच्या वहीत अशी अकरा नावे आली, त्यांपैकी चार टिकली. काशीबाई कानिटकर त्याच शिक्षिकेच्या अक्षरात होत्या.